वेताच्या खुर्चीतला कंप्युटर

नव्या मुलाचं नाव घालायला आलेले पालक व्हरांड्याच्या पायरीशी चपला काढत, आत डोकावत आणि हमखास एकच प्रश्न विचारत, "टीचर, कंप्युटर एक्कड?" म्हणजे, कंप्युटर कुठे आहे? मी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवायची. तिथे पांढरा लेंगा आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ पेपर तोंडापुढे धरून बसलेले असत. "हा काय," मी म्हणायची. पालक एकदा खुर्चीकडे बघत, एकदा माझ्याकडे. काही जण तिथूनच चपला पुन्हा पायात सरकवत. जे थांबत त्यांच्या मुलांना मी शिकवलं.

खुर्चीतले गृहस्थ म्हणजे माझे यजमान.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. शाळेत मुलांना कंप्युटर शिकवणं आणि निवृत्त झाल्यावर हैद्राबादेतल्या नल्लकुंट्यातल्या घराच्या व्हरांड्यात तेच पुन्हा करणं, यात लिहिण्यासारखं काय? पण फोन ठेवला आणि समोर ती रिकामी खुर्ची दिसली. मग वाटलं, माझ्याबद्दल नाही, तर निदान कंप्युटरबद्दल लिहावं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावून सांगायचं तर ते असं. कंप्युटर हुशार असतो असं सगळ्यांना वाटतं. तो हुशार नसतो, आज्ञाधारक असतो. सांगितलं तेवढंच करतो, सांगितलं तसंच करतो, आणि सांगायचं राहिलं ते करत नाही. त्याला कसं सांगायचं हे शिकणं म्हणजे प्रोग्रॅमिंग. भाषा वगैरे नंतरच्या गोष्टी. नऊदहा वर्षांच्या मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून माझ्या वर्गाचा नियम होता, सुरुवातीचे काही आठवडे यंत्राला हात लावायचा नाही. यंत्रं दोन होती, आतल्या खोलीत, विणलेल्या झाकणाखाली. आधी माणसाला सांगून बघायचं.

शाळेत मी एखाद्या मुलालाच कंप्युटर करायची. "तू कंप्युटर, बाकीचे तुला सांगतील, तू फक्त ऐकायचं." पण मुलं फार समजूतदार असतात. "दार उघड" म्हटलं की मूल उठतं, चालत जातं, कडी काढतं, दार उघडतं. न सांगितलेल्या गोष्टी ते मनानेच भरून काढतं. त्यामुळे सांगणाऱ्याला कधी कळतच नाही की आपण निम्मं सांगितलंच नव्हतं. मला हवा होता असा माणूस, जो सांगितल्याच्या वर तसूभरही काही करणार नाही.

आणि असा माणूस मला लग्नापासून घरातच मिळालेला होता.

ह्यांना बाजारात कोथिंबीर आणायला पाठवलं तर कोथिंबीरच येई. "अहो, कढीपत्ता संपलाय हे दिसत होतं ना?" तर उत्तर, "ते कुठं सांगितलीस?" ह्यांचं घराणं निजामाच्या काळापासून हैद्राबादचं. मराठी बोलता बोलता दखनीत शिरायचं आणि तेलुगूतून बाहेर पडायचं ही त्यांची रीत. मी पुण्याची. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या लेखी मी पुणेकरीणच राहिले. मी काही विचारलं की पेपराआडून "हौ" यायचं, आणि ते होकारार्थी होतं की नुसतं मला वाटेला लावायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाणीपुरवठा खात्यात नोकरी झालेली, निवृत्त झाल्यावर वेळ भरपूर, आणि स्वभाव खवचट. एके दिवशी कंप्युटर व्हायची पाळी होती तो मुलगा तापाने आजारी पडला. वर्गाचं काय करावं या विचारात मी असताना पेपराच्या मागून आवाज आला, "मी बसू का?"

मुलं फिदीफिदी हसली. पुढच्या अर्ध्या तासात त्यांची बोबडी वळली.

आमच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, चौकोनी लाद्यांची. काम साधं होतं. तातय्याला, म्हणजे आजोबांना, खुर्चीतून उठवून जास्वंदीच्या कुंडीपर्यंत न्यायचं. इम्रान नावाचा एक चुणचुणीत मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "तातय्या, सामने चलो." हे बसल्या बसल्याच पाय हलवायला लागले. खुर्चीत बसून चालणारा माणूस बघून मुलं लोळायची बाकी राहिली. मग कोणी ओरडलं, "पहले उठो!" हे उठले. "अब चलो!" हे चालत सुटले ते थेट भिंतीपर्यंत. भिंतीला नाक लावलं आणि तिथेच पाय उचलत राहिले. "तातय्या, दीवार को मत लगो!" हे पाय उचलतच होते.

मी मुलांना विचारलं, "लगो मत, हे ऐकून कंप्युटर काय करेल? काय करायचं नाही ते तुम्ही सांगितलंत. काय करायचं ते कोण सांगणार?"

मागे बसलेली लावण्या उठली. आमच्याच गल्लीतली, दोन वेण्यांची, कमी बोलणारी. ती म्हणाली, "तातय्या, रुको."

हे थांबले. आमच्या वर्गातला पहिला धडा तो. कंप्युटरला 'नको' कळत नाही. 'पडू नका' म्हणू नये, 'उभे राहा' म्हणावं. 'सांडू नका' म्हणू नये, 'सरळ धरा' म्हणावं. सांगून बघा स्वतःच्या घरात, किती कठीण आहे ते कळेल. आपण दिवसभर एकमेकांना नुसतं काय करायचं नाही तेच सांगत असतो.

त्या दिवसापासून खुर्ची त्यांची झाली. जे ऐकलं ते समजलं नाही, किंवा एका वाक्यात दोनतीन गोष्टी कोंबल्या, की हे मान सरळ ठेवून, डोळे समोर लावून, सपाट आवाजात म्हणत, "समज में नै आया. फिर बोलो." मुलांना हे वाक्य इतकं आवडायचं की काही जण मुद्दाम घोळ घालत. आणि कंप्युटरने काही भलतं केलं की सगळ्या वर्गाने मिळून म्हणायचं, "कंप्युटर चुकत नाही, सांगणारा चुकतो." मराठी मुलं मराठीत म्हणत, इम्रान दखनीत, लावण्या तेलुगूत. म्हणजे आवाज व्हायचा तो बाजारातल्यासारखाच, पण अर्थ पोचायचा.

उस्मानिया बिस्किटाचा तास तर गल्लीत गाजला होता. मुलांनी ह्यांना चहात बिस्किट बुडवून खायला सांगायचं. बिस्किट उचला, झालं. चहावर आणा, झालं. बुडवा, झालं. आणि मग मुलं बघत बसली, कारण पुढचं आपोआप होणार असंच त्यांना वाटत होतं. हे मात्र बिस्किट चहात धरून समोर बघत बसले. इम्रान कपाळावर हात मारून घेत ओरडतोय, "अरे निकालो, निकालो!", पण काय निकालो, कसं निकालो? "समज में नै आया. फिर बोलो." तोवर बिस्किट विरघळून कपाच्या तळाशी. मुलांचे चेहरे असे झाले, जणू काही घरातलं कोणी विहिरीत पडलं. त्या दिवशी त्यांना कळलं की काम कधी थांबवायचं हेही सांगावं लागतं. मोठी माणसं याला मोठमोठी नावं देतात. आमच्या मुलांनी त्याला 'बिस्किट काढणं' असं नाव ठेवलं. पुढे आतल्या खोलीतल्या यंत्रावर, पडद्यावर हुकमाने रेघा ओढणाऱ्या कासवाला चौकोन काढायला सांगताना कासव गरगर फिरत राहिलं की मागून कोणीतरी म्हणायचंच, "बिस्किट नै निकाला रे!"

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. दिलसुखनगरहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. तिकडे कोचिंग क्लासांची दाटी, त्यांना तीच सवय. त्यांनी विचारलं, "इथून पुढे जॉबची गॅरंटी काय?" मुलगा चौथीत. मी काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "समज में नै आया. फिर बोलो." आणखी एक बाई पुण्याहून बदली होऊन आलेल्या, स्वतः मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणाल्या, "काकू, राग मानू नका, पण हा जरा टाइमपास नाही का वाटत?" मी त्यांना बसवून घेतलं आणि म्हटलं, "तुम्हीच सांगा ह्यांना, कुंड्यांना पाणी घाला म्हणून." त्यांनी सांगितलं. हे पहिल्या कुंडीत पाणी ओतत राहिले, पाणी वाहून पायरीपर्यंत आलं, तरी ओततच. पुढच्या कुंडीकडे जायला कोणी सांगितलंच नव्हतं. बाई आपल्या ओल्या चपलांकडे बघून हसायला लागल्या. म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात परवा अगदी हेच झालं." मुलगा राहिला.

वर्ग संपला की हे मला स्वयंपाकघरात येऊन विचारत, "कसा झाला आजचा कंप्युटर?" नोकरीत असताना त्यांनी ऑफिसचं नाव कधी घरात काढलं नव्हतं. पण या खुर्चीचा त्यांना खरा अभिमान होता. वर्गाच्या दिवशी शर्ट स्वतः इस्त्री करायचे. मी चिडवायची, "जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत आणि पोरांचं बरं निमूट ऐकता." त्यावर म्हणत, "पोरं नीट सांगतेत."

असंच चालू राहील असं मला वाटत होतं.

एका दुपारी मी भाजी निवडत होते. ह्यांना म्हटलं, "अहो, कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करा, आणि दूध तेवढं फ्रिजमध्ये ठेवा." हे ओट्याशी उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समज में नै आया. फिर बोलो."

मला हसू आलं. म्हटलं, "वर्ग संध्याकाळी आहे. आत्ता माणसात या."

ते हसले नाहीत. तसेच उभे होते. दर वेळी त्या वाक्यानंतर डोळ्यांत एक मिष्कील चमक असायची, ती मला ओळखीची होती. मी ती शोधत राहिले. कुकरची शिट्टी झाली, पुन्हा झाली. ते माझ्याकडे बघत होते, मी पुन्हा सांगेन म्हणून. मी उठले, गॅस बंद केला, आणि म्हटलं, "दूध उचला." त्यांनी उचललं. "फ्रिजचं दार उघडा." उघडलं. "आत ठेवा." ठेवलं. आणि सुटल्यासारखे हसले.

पुढचं काय सांगायचं? डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, विस्मरणाच्या आजाराचं नाव कळलं. हळूहळू वाढत जाणार, हेही कळलं. आमचा मुलगा निखिल शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहतो, तोही प्रोग्रॅमच लिहितो. तो धावत आला. म्हणाला, "आई, वर्ग बंद कर. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. आणि काही झालं तरी बाबांना त्या खुर्चीत बसवू नकोस. पोरं हसतील त्यांना. बाबांचं हसं झालेलं मला बघवणार नाही."

मलाही तीच भीती होती. गंमत म्हणून चुकणारा माणूस आणि खरंच चुकणारा माणूस, मुलांना काय फरक कळणार? हसायचीच त्यांना सवय, आणि ती मीच लावलेली. पण वर्गाच्या दिवशी संध्याकाळी हे न सांगता इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत येऊन बसले. बाकी वार विसरत होते, हा नाही. त्यांना तिथून उठा म्हणायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी मुलांना सांगितलं. ह्यांना आत चहा घ्यायला पाठवलं आणि म्हटलं, "बाळांनो, आता तातय्या कंप्युटर होणार नाहीत. त्यांना बरं नाही. त्यांना गोष्टी कळत नाहीत पहिल्यासारख्या. विसरतात."

लावण्याने विचारलं, "तो क्या हुआ, टीचर?"

"म्हणजे, तुम्ही सांगाल ते त्यांना जमणार नाही. चुका होतील."

तिच्या कपाळाला आठी पडली. मी काहीतरी चुकीचं शिकवते आहे, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "कंप्युटर तो गलती नै करता ना, टीचर. बोलनेवाला करता." मग जरा विचार करून म्हणाली, "चिन्न चिन्नगा चेब्दाम." छोटं छोटं करून सांगू या.

ह्यांना घेऊन मी परत आले. मुलं कामाला लागली. आधी 'उठा' ही एक सूचना असायची. आता 'हात खुर्चीवर ठेवा', 'पाय जमिनीवर टेका', 'वर उठा' अशा झाल्या. मधेच हे अडले, भलतीकडे बघायला लागले, की मुलं त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. ती एकमेकांवर तुटून पडत. "तू बहुत लंबा बोला." "अरे, दो बातां एक साथ कैकू बोलरा?" "कौन से हाथ का बोल ना!" कोणाची सूचना चुकली यावर कडाक्याचं भांडण. ज्यांच्या हातून चुकलं असं मला वाटत होतं, त्या ह्यांच्याकडे कोणाचं बोट गेलं नाही. एकदाही नाही. हे मधे उभे, दोन्ही बाजूंचं भांडण ऐकत, समाधानाने. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

सगळी मुलं चांगलीच असतात असं मला म्हणायचं नाही. पण या मुलांना ह्यांची ओळखच अशी झाली होती, की जो माणूस कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो, आणि मग आपण जास्त नीट सांगायचं असतं. आजार त्यांच्या दृष्टीने वरची यत्ता होती, इतकंच.

निखिल मात्र ऐकत नव्हता. दर फोनला तेच. शेवटी एका रविवारी तो गाडी घेऊनच आला, आजच न्यायचं म्हणून. आमची बोलाचाली झाली, आणि त्या गडबडीत गेट उघडं राहिलं. खुर्चीत हे नव्हते.

आम्ही दोघांनी गल्ली पालथी घातली. निखिल एका बाजूला पळाला, मी दुसऱ्या. नावाने हाका मारल्या, दुकानदारांना विचारलं. शेवटी निखिलने मला गेटशी आणून उभं केलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "म्हणूनच मी सांगत होतो, आई." माझंच चुकलं, असं वाटायला लागलं होतं.

त्या वेळी हे भाजीबाजारात होते. तिथे काय झालं ते नंतर लावण्याच्या आईने सांगितलं. एका गाड्याशेजारी हे उभे होते आणि भोवती माणसं जमली होती. चांगली माणसं, मदत करायलाच आलेली. पण सगळी एकदम बोलत होती. "घर किधर है?" "नंबर बोलो." "मी पेरू एमिटी, नाम क्या?" "किसके साथ आये?" आणि हे प्रत्येकाकडे वळून म्हणत होते, "समज में नै आया. फिर बोलो." एक जण म्हणाला, "पियेला है क्या?" दुसरा हसला. लावण्या आईबरोबर भाजी घ्यायला आली होती. कमी बोलणारी ती मुलगी आईचा हात सोडून गर्दीत घुसली आणि मोठ्या माणसांवर ओरडली, "सब लोगां एकदम मत बोलो! एक टाइम पे एक जन. एक टाइम पे एक बात."

मग तिने ह्यांच्या समोर उभं राहून वर्गात सांगतात तसं सांगितलं. "तातय्या, मेरे तरफ देखो." ह्यांनी पाहिलं. "सामने चलो."

आम्हाला गल्लीच्या तोंडाशी आधी तिचा आवाज ऐकू आला. "चलो. चलो. रुको. ऑटो जाने दो. अब चलो." तिने त्यांचा हात धरला नव्हता. हातात भाजीची पिशवी, आणि ती उलट्या पावलांनी त्यांच्या पुढे चालत होती. मागून तिची आई. हे ताठ मानेने, इस्त्रीच्या शर्टात, व्हरांड्यात चालावं तसे भर रस्त्यातून चालत येत होते. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. त्यांच्या हिशेबी वर्ग चालू होता आणि काम चांगलं चाललं होतं.

निखिल पळत पुढे जाणार, तेवढ्यात मी त्याचा दंड धरला. शोधायला निघताना त्यानेच ओढून घेतलेलं गेट बंद होतं. हे गेटसमोर येऊन थांबले. लावण्या बाजूला झाली आणि म्हणाली, "गेट तुम बोलो, अन्ना."

निखिलने तोंड उघडलं. "बाबा, आत या ना," तो म्हणाला.

"समज में नै आया," हे म्हणाले. "फिर बोलो."

माझा मुलगा जन्मभर यंत्रांना सांगण्याचं काम करत आलेला. त्याने आधी गेटकडे बघितलं, कडीकडे, बाबांच्या हाताकडे. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हात पुढे करा. कडी वर उचला. गेट ढकला. एक पाऊल टाका." शेवटचं वाक्य म्हणेपर्यंत त्याचा आवाज फुटला. हे आत आले, त्याच्यासमोर उभे राहिले, आणि त्याचा गाल थोपटला. ते कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी रिकामीच परत गेली. निखिलने वर्ग बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट रविवारी येऊन मागे मुलांत बसायला लागला.

पुढे खुर्चीतून उठणं जमेना, तेव्हा मुलांनी बसल्या बसल्या करायच्या सूचना शोधून काढल्या. फूल धरा. फूल सोडा. नंतर खुर्चीही सुटली, पलंग आला. मुलं दाराशी चपला काढून आत येत आणि पाळीपाळीने सांगत, "तातय्या, आँख बंद करो. खोलो." डोळे उघडले की सगळी टाळ्या वाजवत. कुणी समोर आलं की हे फक्त ओठांच्या कोपऱ्यातून हसत. ते गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं.

वर्ग मी नंतर चालवला नाही. नवी मुलं येतात, विचारतात. पण आता विचारणंही वेगळं झालंय. गेल्या महिन्यात लावण्या आली होती. उंच झालीय, दिलसुखनगरला कोचिंगला जाते, येताना कोठीच्या पुस्तकबाजारातून पुस्तकं घेऊन आली होती आणि माझ्यासाठी उस्मानिया बिस्किटं. तिने मोबाइलवर दाखवलं. काय हवं ते साध्या बोलण्यात टाकायचं, आणि यंत्र सगळा प्रोग्रॅम लिहून देतं. "इप्पुडु अन्नी अदे चेस्तुंदी, टीचर," ती म्हणाली. आता सगळं तेच करतं. मी गंमत म्हणून अर्धवट, गोलगोल काहीतरी बोलले. क्षणात उत्तर हजर.

"चांगलंय की," मी म्हटलं.

लावण्या म्हणाली, "ये कब्बी नै बोलता, टीचर, समज में नै आया. समज में नै आया तो भी करता." मग आम्ही दोघी खुर्चीकडे बघत बसलो. तिने दोन वेण्या कधीच सोडल्यात, पण कपाळाची आठी तीच आहे.

मला ते हैद्राबादी वाक्य फार आठवतं. आपलं बोलणं कोणाला समजलं नाही, म्हणून समोरचा माणूस थांबून राहावा, आणि आपल्याला दुसऱ्यांदा सांगायची संधी मिळावी, यासारखं सुख नाही. आता माझं सगळं सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजतं. निखिलला समजतं, कामवाल्या बाईंना समजतं, मोबाइललाही समजतं. दिवस भराभर उरकतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. शेवटच्या दिवसांत एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना दुधात बिस्किट भिजवून भरवत होते. त्यांची नजर खिडकीपलीकडे कुठेतरी गेली होती, माझ्यातून आरपार. मला एकदम भीती वाटली आणि मी त्यांचा हात धरून म्हणाले, "अहो, जाऊ नका."

त्यांनी नजर वळवली. खूप दिवसांत शब्द फुटला नव्हता. फार हळू, तुटत तुटत, पण तेच वाक्य आलं. "समज में नै आया. फिर बोलो."

मला फिर बोलता आलं नाही.

जाऊ नका, हे काय सांगणं झालं? कंप्युटरला 'नको' कळत नाही. वर्गातल्या सगळ्यात लहान पोराने मला दुरुस्त केलं असतं. काय करायचं ते सांगायचं असतं. थांबा, असं म्हणायला हवं होतं. पहिल्याच दिवशी भिंतीशी लावण्याने म्हटलं होतं, आणि ते थांबले होते.

आता रोज संध्याकाळी मी वेताच्या खुर्चीसमोर चहा घेऊन बसते. सावकाश, सपाट आवाजात, एका वेळी एकच शब्द सांगते. थांबा. मग उस्मानिया बिस्किट चहात बुडवते, आणि काढा म्हणायला कोणी नसतं म्हणून तसंच धरून बसते.